चाचांची तार आणि माझी हवा

अमरावतीत भाड्याचं घर शोधताना लोकांनी मला काय काय विचारलं नाही! जात विचारली, पगार विचारला, मटण खाता का विचारलं. एका बाईनं तर 'लग्नाले तीन वर्षं झाले, मंग लेकरू काहून नाही?' हेही जिन्यातच विचारून घेतलं. त्यामुळे पुढच्या घरमालकांच्या, म्हणजे चाचांच्या, दारात मी सगळी उत्तरं घोकून उभा होतो. चाचांनी मला एकदा खालून वर पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून मागच्या टेलिफोनच्या खांबाकडे पाहिलं आणि विचारलं, "फोन तारेचा घेसान, का हवेचा?"

हे काही मी घोकलेलं नव्हतं. खिशातून मोबाईल काढून दाखवला. चाचांचा चेहरा असा पडला की मी मनातल्या मनात पुढच्या गल्लीकडे निघालोच. तेवढ्यात बायको म्हणाली, "तारेचापण घेऊ ना, चाचा." ती शाळेत शिकवते, समोरच्याला काय ऐकायचं आहे ते तिला बरोबर कळतं. चाचांनी वरच्या मजल्याची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. माझ्या नाही.

हे घर मिळणं का गरजेचं होतं ते आधी सांगतो. मी अकोल्याला शेतीच्या एका साप्ताहिकात पानं लावायचो. मजकूर टाइप करायचा, फोटो बसवायचे, जाहिरातींना जागा करायची आणि पान छापखान्याला द्यायचं, एवढं माझं काम. बायकोची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, चांदूर रेल्वेला. लग्नानंतरची तीन वर्षं आम्ही शनिवारी भेटायचो आणि सोमवारी वेगळे व्हायचो. भांडायचं असलं तर तेही रविवारी दुपारच्या आत उरकावं लागायचं. शेवटी मी साप्ताहिकाच्या मालकांच्या मागेच लागलो. म्हटलं, अमरावतीला राहतो, पानं घरच्या कम्प्युटरवर लावतो, इंटरनेटवरून पाठवतो. बायको तिथून रोज गाडीनं चांदूरला जाईल. मालक म्हणाले, "गुरुवारी पाच वाजता पानं अकोल्यात पायजे. पाच म्हनजे पाच. तीनदा उशीर झाला का तुहा टेबल इथंच. मंग बायकोले शनिवारी भेटत जाय."

मालकांचंही चूक नव्हतं. वऱ्हाडाचे ते दिवस वाईट होते. कापसाचं काही खरं नव्हतं, शेंदूरजनाघाटाकडून संत्र्याच्या बागा वाळल्याचे फोटो यायचे, आणि दिल्ली-मुंबईच्या गाड्या भरभरून माणसं येऊन पाहून जायची. आमच्या अंकात 'पॅकेज' हा शब्द इतक्यांदा यायचा की मी त्याला कीबोर्डवर एक खास कळ देऊन ठेवली होती. बोट टेकवलं की पॅकेज हजर. शेतकऱ्यापर्यंत ते कधी पोचायचं ते मात्र त्या कळीला माहीत नव्हतं. अंक शुक्रवारी गावोगावी गेला नाही तर त्यातला सल्ला शिळा व्हायचा, म्हणून पाच म्हणजे पाच.

तर चाचा. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, मूळचे अचलपूरचे. चालताना त्यांनी खाली पाहिल्याचं मला आठवत नाही. नजर कायम वर, तारेवर. गल्लीतली एक गाय त्यांना ओळखून होती. ते येताना दिसले की तीच बाजूला सरकायची. अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नसत. मी पहिल्या दिवशी राजकमल चौक किती लांब आहे असं विचारलं, तर म्हणाले, "बावीस खांब. मधातला एक वाकडा हाय, तो बी धरला."

रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी लाइन तपासायचा फोन त्यांच्या खिशात असायचा. बिनआकड्यांचा, दोन चिमट्यांचा, रंग उडालेला. सकाळची नमाज झाली की घराबाहेरच्या टेलिफोनच्या डब्याला ते चिमटे लावायचे, फोन कानाला धरायचा आणि डोळे मिटायचे. आत नुसतं 'टूं' वाजत असायचं. ते पोटभर ऐकून झालं की म्हणायचे, "टोन हाय." पुढं पुढं 'कसे आहात चाचा?' या प्रश्नालाही हेच उत्तर मिळायला लागलं. एकदा तापानं फणफणले होते. मी विचारपूस करायला गेलो, तर पांघरुणातून आवाज आला, "टोन बारीक येऊन राहिला, सर."

खात्यानं टाकून दिलेल्या काळ्या तारेचे तुकडे त्यांनी आयुष्यभर जमवले होते, आणि सगळं घर त्या तारेनं बांधलेलं होतं. खाटेचा पाय, झाडूची मूठ, बकरीचं दावं, दुधीचा वेल, चाचींच्या चष्म्याची दांडी. कपडे वाळत घालायला तर खालपासून गच्चीपर्यंत जिथं नजर जाईल तिथं टेलिफोनची तार. चाची म्हणायच्या, "एक दिन मेरे को भी बांध के रख देंगे, और बोलेंगे, अब कहीं नहीं जाती."

एक गोष्ट त्यांची चाचींनीच सांगितली. बिल न भरणाऱ्यांच्या लाइनी कापायला खातं चाचांना पाठवायचं. चाचा आदल्या दिवशी त्या घरी जाऊन उभे राहायचे आणि सांगायचे, "उद्या कापाले येनार हाय. कोनाले काही सांगाचं अशीन, थे आजच सांगून घ्या." एका घरातल्या म्हातारीची लेक सुरतला होती. म्हातारीचं बोलणं संपेपर्यंत चाचा दुसऱ्या दिवशीही अर्धा तास खांबावर नुसते बसून राहिले होते. त्यावरून साहेबानं त्यांना झापलं. चाचांचं म्हणणं एवढंच, की बोलत असलेली लाइन कापवत नाही.

आता माझ्याकडे वळतो, कारण या गोष्टीतलं गाढव मी आहे.

आमच्या सोयऱ्यांमध्ये मी 'कम्प्युटरवाला' होतो. मला पानं लावता यायची आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढता यायचा. पण त्या काळी माऊस हातात धरणारा माणूस इंजिनिअर समजला जायचा, आणि लोक समजतात तर आपण कशाला मोडता घाला, असा माझा स्वभाव. घर लागल्यावर मी एका कागदावर दोन रकाने पाडले: तार आणि बिनतार. तारेच्या खाली लिहिलं: अर्ज, वाट पाहणे, खांब, पावसात खरखर, जुना जमाना. बिनतारच्या खाली लिहिलं: आज घ्या, आज लावा, कुठंही न्या, नवा जमाना. मग हा कागद मी बायकोला अशा थाटात दाखवला, जसं काही दोन्ही बाजू तोलून ठरवतोय.

बायको म्हणाली, "चाचांना विचारा ना एकदा. त्यांचा जन्म गेला त्यात."

"त्यांचा जन्म गेला म्हणूनच विचारायचं नाही," मी म्हटलं. किती हुशार वाटलं मला ते बोलताना!

कंपनीच्या दुकानातून मी बिनतारी इंटरनेटचं ते अंगठ्याएवढं यंत्र घेऊन आलो. कम्प्युटरला खोचायचं, त्यावरचा दिवा निळा झाला की जग तुमच्या घरात. चाचांनी ते तळहातावर घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "हे तं कपाशीचं बोंड दिसते," म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव बोंड.

गल्लीच्या तोंडाशी एक पानठेला होता. तिथं चहाही मिळायचा. चाचा रोज चारला तिथं यायचे, आणि चार-पाच रिकामी माणसं असायचीच. त्यांच्यासमोर मी बोंडाचं प्रवचन दिलं. उपग्रह काय, लहरी काय, अमेरिका काय. त्या बोंडाचा उपग्रहाशी काडीचा संबंध नव्हता, ते बिचारं रेल्वे स्टेशनाजवळच्या टॉवरवर जगत होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "सर, तारेत बिघाड झाला तं मानूस तारेच्या मागं मागं जाते आन बिघाडापाशी पोचते. हवेत बिघाड झाला तं कोनाच्या मागं जासान?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी मोठ्यानं हसलो. "चाचा, हवेत बिघाड होतच नाही!"

मार्चभर खरंच झाला नाही. माझं टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी होतं. बोंड खोचलं की निळा दिवा लागायचा, आणि पानं साडेचारच्या आत अकोल्यात. मालकांचा फोन यायचा, "पोचले." बायको चांदूरहून घरी यायची, आम्ही सोबत चहा घ्यायचो, आणि बुधवारीसुद्धा भांडता येतं या सुखात मी तरंगत होतो.

मग एप्रिल लागला आणि कूलर निघाला. वऱ्हाडात उन्हाळ्याची सुरुवात कॅलेंडर पाहून होत नाही, कूलर खिडकीत बसवण्यानं होते. लोखंडी पत्र्याची माणसाच्या छातीएवढी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, खाली पाण्याची टाकी. तो बसवायला अर्थात चाचाच आले, काळ्या तारेचं वेटोळं घेऊन. वर एकच खिडकी रस्त्याकडे होती. चाचा थबकले. "सर, याच खिडकीत? तुमचं बोंड इथंच बसते ना?"

"चाचा, ते वायरलेस आहे. भिंतीतून आरपार जातं."

"भिंतीतून जात अशीन. पत्र्यातून बी जाते?"

"सगळ्यातून जातं," मी म्हटलं. चाचांनी खांदे उडवले आणि कूलर खिडकीत घट्ट बांधून दिला. बोंड खोचलेला कम्प्युटर मी टेबलावर तसाच, कूलरच्या मागे राहू दिला.

त्या गुरुवारी निळा दिवा लागेना. लाल लागायचा, विझायचा, परत लाल. मी कंपनीला फोन लावला, तिथल्या मुलीनं मला कम्प्युटर बंद करून सुरू करायला सांगितलं, मी तो सहा वेळा बंद करून सहा वेळा सुरू केला. शेवटी पानं पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात सायबर कॅफेकडे पळालो. पानं गेली तेव्हा सहा वाजून गेले होते. मालक म्हणाले, "एक झालं."

पुढचा गुरुवार. दुपारी दोनपासून लाल दिवा. मी वेड्यासारखा खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत करत होतो. तेव्हा मला चाचा दिसले. गच्चीवर भर उन्हात डोक्याला टॉवेल बांधून, हातात पक्कड घेऊन, तारा जोडायचा डबा उघडून ते काहीतरी करत होते. आठवलं, की मागच्या गुरुवारनंतरही एकदा ते तिथंच दिसले होते. आणि मंगळवारीही. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. हा माणूस टेलिफोनवाला, याला हवा आवडत नाही, ठेल्यावर मी याला हसलो, आणि नेमकं याच्या हातात पक्कड असते तेव्हाच माझा दिवा लाल असतो. दिवा सगळ्याच दिवशी लाल असतो आणि मी घाबरून बाहेर पाहतो म्हणून चाचा दिसतात, हे काही त्या किड्याला सुचलं नाही.

सायबर कॅफेत पोचलो तर वीज गेलेली. भारनियमन. दुसऱ्या कॅफेत गेलो, तिथं चार माणसं रांगेत. पानं साडेसातला गेली. मालक म्हणाले, "दोन," आणि फोन ठेवला. बायकोला हे कसं सांगायचं, परत शनिवार-रविवारचा संसार कसा मांडायचा, हे सगळं डोक्यात घेऊन मी गल्लीत शिरलो, तर ठेल्यावर चाचा चहा पीत बसलेले. उशिरा आले होते त्या दिवशी. घामानं कुडता भिजला होता.

मी तिथंच ओरडलो. "चाचा, तुम्ही माझी लाइन कापता!"

ठेल्यावर कोणीतरी फिसकन हसलं. "हवेची लाइन कशी कापतेत, सर?"

"ते टेलिफोनवाले आहेत. त्यांना सगळं येतं," मी म्हटलं. आता सांगतानाही कान गरम होतात. "दोन आठवडे पाहतोय मी. माझं नेट बंद, आणि हे गच्चीवर पक्कड घेऊन."

चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, अर्धा भरलेला. "सर, मी लाइन कापली?" एवढंच विचारलं.

"मग काय करत होता वर?"

त्या दिवशी त्यांची नजर पहिल्यांदा वर नव्हती, खाली जमिनीकडे होती. "काम करून राहिलो होतो," म्हणाले, आणि उठून घरी गेले. मी मात्र तिथं आणखी दहा मिनिटं थांबून, चार माणसांना माझी बाजू नीट समजावून सांगून मगच घरी आलो.

बायकोला दुसऱ्या उशिराचं सांगितलं, ठेल्याचं सांगितलं नाही. शनिवारी शाळेतून आल्यावर टेबलापाशी बसून तिनं बोंडाकडे पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं, मग बोटानं कूलरवर टकटक केलं. "हा लोखंडाचा आहे ना?"

"हो. का?"

तिनं बोंड काढून आपल्या लॅपटॉपला लावलं. हा लॅपटॉप तिला शाळेनं जनगणनेच्या की कसल्याशा कामासाठी दिला होता. गॅलरीत जाऊन उभी राहिली. दिवा निळा. खोलीत आली. लाल. गॅलरीत गेली. निळा. असं तिनं तीनदा केलं, एक शब्द न बोलता. मास्तरांचा हा प्रकार फार वाईट असतो.

म्हणजे शनिवारी संध्याकाळी मला कळलं होतं, की चाचांनी काहीही केलेलं नाही. माझ्या हवेपुढं मीच लोखंडाची भिंत उभी करून घेतली होती, आणि त्यांनी ती बांधताना मला विचारलंही होतं. मी त्याच वेळी खाली जायला पाहिजे होतं. फक्त चौदा पायऱ्या होत्या. मी गेलो नाही. मी बाजारात गेलो आणि चार मीटरची एक्स्टेन्शन केबल घेऊन आलो. बिनतारी इंटरनेटला चार मीटर तार जोडली आणि बोंड गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. सिग्नल जास्त मिळतो असं कोणीतरी सांगितलं, म्हणून त्याच्यामागे पिठाची स्टीलची चाळणीही उभी केली. खालून चाचांनी ती केबल पाहिली असणार. काही बोलले नाहीत. बोलायची वेळ माझी होती.

तिसरा गुरुवार. सकाळपासून दिवा निळा. मी खुशीत पानं लावत होतो. पॅकेज, पॅकेज, पॅकेज. चार वाजता पाठवायला बसलो आणि पाचच मिनिटांत दिवा गेला. लाल नाही, निळा नाही, काहीच नाही. गॅलरीत जाऊन पाहिलं. कठड्याला हात लाववत नव्हता. चाळणीनं उन्हाची तिरीप नेमकी बोंडावर आणली होती, आणि बोंडाला जळकट वास येत होता.

मी खाली बसलो. बायको घरीच होती. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती. घड्याळात सव्वाचार. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "कॅफे?" "आजही तिकडं भारनियमन तीन ते सहा, आणि दुसऱ्या कॅफेत रांग." "मग?" तिचा चेहरा पाहिला आणि मला रडू यायला लागलं. उन्हाळ्याच्या सुटीनंतर मी परत अकोल्याच्या खोलीत, ती इथं, आणि शनिवार. ती उठली. "चाचांना बोलावते."

"नको," मी ओरडलो. "त्यांना नको."

"का नको?"

काय सांगणार? ती माझ्या उत्तराची वाट न पाहता चौदा पायऱ्या उतरून गेली.

दोन मिनिटांत चाचा वर आले. दारात चपला काढल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ गॅलरीत गेले आणि उभेच राहिले. गॅलरीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत काळी तार ताणलेली होती, आणि तिच्यावर माझी तीन बनियनं वाळत होती.

"हे बनियनं कोनाचे?"

"माझी," मी म्हटलं.

"लाइनवर?"

मला काही कळेना. चाचांनी एकेक बनियन काढलं, झटकलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "पकडा." मग खिळ्यावरचं तारेचं टोक सोडलं, त्यावरची चिकटपट्टी काढली. आत दोन लखलखीत तांब्याचे केस.

बायकोनं विचारलं, "चाचा, ही तार कधी आली?"

"मागच्या बुधवारी. सर पयल्या टाइमले उन्हात पयत गेले, थे पाह्यलं ना मी. म्हटलं, माह्या लाइनवर इंटरनेट चालू करून घेतो, आन तार वर देतो. खांबापासून जुने जोड सडले होते, थे सारे बदलले. गुरुवारी खिडकीतून आत घ्याची राहिली होती फक्त." त्यांनी तारेचं टोक बोटांनी सरळ केलं. "मंग राहून गेलं."

गुरुवारी. मी ज्या गुरुवारी ठेल्यावर ओरडलो, त्या गुरुवारी. पंचेचाळीस डिग्रीत गच्चीवर बसून हा माणूस जी लाइन जोडत होता, ती माझी होती. मी ओरडल्यावर त्यांनी टोक माझ्या गॅलरीतल्या खिळ्याला बांधून ठेवलं आणि बोलावल्याशिवाय आत यायचं नाही असं ठरवलं. आणि मी, कम्प्युटरवाला, आठवडाभर तिच्यावर बनियनं वाळत घालत होतो. या घरात काळी तार दिसली की कपडे घालायचे, एवढंच मला माहीत.

कूलर आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून चाचांनी तार आत घेतली. खालून मॉडेमचा खोका आणला. खिशातला फोन लावून टोन ऐकला, चाचींना खालच्या फोनला हात लावू नका म्हणून ओरडून सांगितलं, आणि मला म्हणाले, "बसा." चार बावन्नला दिवा लागला. हिरवा. पान जायला लागलं. बायको माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी. चाचा गॅलरीत जाऊन खांबाकडे पाहत राहिले, कोणी आत्ता वर चढू नये म्हणून. चार अठ्ठावन्नला मालकांचा फोन आला. "पोचले. काय तं, सुधारला वाटते तू!"

बायको रडली. मीही रडलो असतो, पण हातात अजून ती बनियनं होती.

त्यानंतर त्या तारेवरून माझं एकही पान उशिरा गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चाचांना जिन्यात गाठलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "चाचा, ते त्या दिवशी ठेल्यावर... माझं चुकलं." चाचा म्हणाले, "जाऊ द्या सर. मॅडम खूश हाय ना?" आणि हात वर करून पुढं गेले. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. आळ मी ठेल्यावर घेतला होता आणि माफी जिन्यात मागितली होती. चाचा ठेल्यावर यायचे बंद झाले. चारचा चहा घरीच घ्यायला लागले. एकदा ते समोरून जात असताना ठेल्यावरून कोणीतरी म्हणालं, "चाचा, आमच्या टीव्हीची तार तेवढी सोडजा बरं!" सगळे हसले. मी तिथं उभा होतो. मीही हसलो. चाचा वर पाहत निघून गेले. चौघांसमोर दोन वाक्यं बोलायची होती, पण बोललो तर मीच मूर्ख ठरणार होतो, आणि गल्लीत मी अजून इंजिनिअर होतो.

पुढच्या वर्षी चाचा आणि चाची मुलाकडे अचलपूरला राहायला गेले. घर मुलाच्या नावावर झालं, आम्ही तिथंच राहिलो. काही महिन्यांनी खालच्या खोल्या पाहायला एक नवं जोडपं आलं आणि त्यांनी ठेल्यावर पत्ता विचारला. मी पानासाठी उभा होतो. पानवाला त्यांना म्हणाला, "थे लाइन कापनाऱ्या चाचाचं घर ना? असेच सरळ जा."

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, कूलरपासून बनियनापर्यंत. ते जोडपं ऐकत राहिलं, बाकावरची माणसंही. सांगून झालं. पानवाल्याचा हात थांबला होता.

"मंग तवाच काहून नाही सांगितलं, सर?"

"लाज वाटत होती," मी म्हटलं.

"आन चाचाले नसन वाटली काय?" तो म्हणाला.